ओसरीवरून : चौतीस वर्षं एकाच मैदानावर

गेल्या अंकात माझा लेख नव्हता. तिघाचौघांनी फोन करून विचारलं, "आत्या, बऱ्या आहात ना?" बरी आहे. लेकीकडे गेले होते, अमेरिकेत, पुलमन नावाच्या गावी. जावई तिथल्या विद्यापीठात आहेत. दीड महिना नातवाला सांभाळलं, थालीपीठं थापली आणि परत आले. घाबरू नका, प्रवासवर्णन लिहिणार नाही. एकाच माणसाबद्दल लिहायचंय, आणि तो मला भेटलेलाही नाही. मी तिथे पोचायच्या आधीच, २०२२ च्या जानेवारीत, वयाच्या ७८ व्या वर्षी ते वारले.

पण आधी इथली गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बेळगावच्या या बाईला बेसबॉलचं खूळ कुठून लागलं.

माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, एका खाजगी शाळेत पीटीचा सर आहे. कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि मधला एक महिना घरी. पगार चौदा हजार. पण त्याची खरी नोकरी सकाळी पावणेसहाला सुरू होते, बिनपगारी. येळ्ळूर, उचगाव, कडोली इथून पहिल्या बसने, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर तिघं बसून, पंचवीस-तीस पोरं मैदानावर येतात. निम्म्यांना मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीत उतरायचंय, सोळाशे मीटर वेळेत काढायचंय. बाकीची शाळकरी पोरं आहेत, आठशे-पंधराशे मीटर पळणारी. त्यात सहा मुली. त्यातली एक दोन वर्षांपूर्वी चपला हातात घेऊन अनवाणी पळायची. आता ती जिल्ह्यात पहिली येते.

फेब्रुवारीत भाच्याला पुण्याहून बोलावणं आलं. मोठी क्रीडा अकादमी, पगार तिप्पट, राहायला खोली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. भाऊ म्हणाला, "हितं काय करूलास? जा की." वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी त्याच दिवशी बॅग वरून काढून पुसून ठेवली. मीही म्हटलं, "जा बाबा. वय आहे तोवर जा." बँकेत पस्तीस वर्षं काढलेली बाई दुसरं काय सांगणार? आमच्याकडे बदली म्हणजे बढती.

तो म्हणाला, "जातो की. पण आत्या, ही पोरं सकाळी आल्यावर बघणार कोण?"

मी म्हटलं, "मिळेल कोणीतरी." आणि मे महिन्यात विमानात बसले. ते "कोणीतरी" मात्र डोक्यात तसंच राहिलं.

पुलमनच्या आजूबाजूला नुसत्या टेकड्या. गव्हाच्या, आणि तुम्हाला खोटं वाटेल, मसुराच्या आणि छोल्यांच्या. आपल्या आमटीतली डाळ तिथे डोंगरच्या डोंगर भरून पिकते. मेअखेरीस सगळं हिरवंगार असतं. एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, लुईस्टनला जाऊ. कॉलेजची बेसबॉलची मोठी स्पर्धा चाललीय." मला बेसबॉल कळत नाही. पण घरात बसून त्याच त्या कार्टूनची गाणी ऐकण्यापेक्षा बरं म्हणून निघाले.

तासाभराच्या आतलं अंतर. अचानक टेकड्या संपतात आणि गाडी खाली उतरायला लागते. जवळजवळ दोन हजार फूट खाली. चोर्ल्याचा घाट आठवा, पण झाड एकही नाही, उघडे पिवळट डोंगर. खाली दोन नद्या येऊन मिळतात, क्लिअरवॉटर आणि स्नेक. संगमावर हे गाव. नदीपलीकडचं गाव क्लार्कस्टन, ते दुसऱ्या राज्यात. लुईस आणि क्लार्क हे दोघे १८०५ मध्ये पॅसिफिक महासागराचा रस्ता शोधत इथून गेले, त्यांचीच नावं दोन्ही गावांना. त्यांच्या कितीतरी आधीपासून हा नेझ पर्स लोकांचा मुलूख. समुद्र साडेसातशे किलोमीटर लांब, तरी इथे बंदर आहे. बार्जमधून गहू थेट समुद्रापर्यंत जातो. आणि गाडीची काच खाली केली की कागदाच्या गिरणीचा वास. जावई म्हणाले, दोन दिवसांत सवय होते म्हणे.

वस्ती तीस-पस्तीस हजार. आपल्या निपाणीपेक्षा लहान. आणि या गावात दरवर्षी मेअखेरीस देशभरातून दहा कॉलेजांचे संघ येतात. दोनदा हरलात की बाहेर, असा नियम. आम्ही गेलो त्या दिवशी हॅरिस फील्ड नावाचं कॉलेजचं मैदान भरलेलं होतं. आजोबा, नातवंडं, गाद्या घेऊन आलेल्या बायका. बिस्किटं-भुईमुगाच्या जागी तिथे सूर्यफुलाच्या बिया. तोंडात टाकायच्या आणि सालं थुंकायची. खेळाडूसुद्धा थुंकतात. मला आपले सदाशिवगल्लीतले पान खाणारे आजोबाच आठवले.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी साडीत, म्हणजे मी पाहुणी हे सांगायची गरजच नव्हती. त्यांनीच मला खेळ समजावला. चेंडू टाकणारा पिचर, साठ फूट सहा इंचांवरून टाकतो, टप्पा नाही. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, तिघं बाद झाले की डाव दुसऱ्याकडे, असे नऊ डाव. एवढं कळल्यावर बाकीचं मी क्रिकेटवरून लावून घेतलं. मग मी सहज विचारलं, एवढ्याशा गावात एवढी मोठी स्पर्धा कशी? ते हसले आणि दोनच शब्द बोलले. "कोच चेफ."

एड चेफ. लुईस-क्लार्क स्टेट कॉलेजचे बेसबॉलचे प्रशिक्षक. १९७७ ते २०१०, चौतीस हंगाम, एकच कॉलेज, एकच गाव. त्यांच्या संघाने १७०५ सामने जिंकले, ४३० हरले. हंगामाला सरासरी पन्नास विजय धरा. देशातल्या छोट्या कॉलेजांची जी संघटना आहे, एनएआयए, तिचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी १६ वेळा आणलं. १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं.

आकडे बाजूला ठेवा. मला घरी येऊन जावयांकडून समजून घ्यावं लागलं ते वेगळंच होतं, की तिथे छोटं कॉलेज म्हणजे काय. अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा मोठा धंदा आहे. वरच्या थराला एनसीएए नावाच्या संघटनेचा पहिला विभाग, तिथे मोठी विद्यापीठं, मोठी स्टेडियम्स, टीव्ही. तिथल्या प्रशिक्षकाचं नाव घराघरात. एनएआयए म्हणजे त्याच्या खालची गल्ली. लुईस-क्लार्क हे तर १८९३ मध्ये प्राथमिक शिक्षक तयार करायला काढलेलं नॉर्मल स्कूल, आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयासारखं. आणि तिथल्या कोचच्या कारकिर्दीची शिडी ठरलेली असते. लहान ठिकाणी जिंकून दाखवायचं, मग मोठ्या ठिकाणी जायचं. हे काही पाप नाही. ऑगी गरिडो हे त्यांच्यातलं फार मोठं नाव. ते कॅलिफोर्नियात फुलर्टनला विजेतेपदं जिंकून इलिनॉयला गेले, परत फुलर्टनला आले, मग टेक्सासला गेले आणि तिथेही जिंकले. उत्तम माणूस, उत्तम कोच. सहा वर्षं सलग देशात पहिला येणाऱ्या चेफना असा रस्ता बंद असेल, असं मला वाटत नाही. ते शिडी चढलेच नाहीत.

बरं, एका जागी राहिलं की यश येतंच असंही नाही हं. फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन चाळीस वर्षं एकाच विद्यापीठात राहिले. २०२९ सामने जिंकले, तिथल्या पहिल्या विभागात याहून जास्त त्या वेळी कुणीच जिंकले नव्हते. पण राष्ट्रीय विजेतेपद एकदाही नाही. सतरा वेळा अंतिम स्पर्धेपर्यंत जाऊन हात हलवत परत. तेव्हा "निष्ठेचं फळ गोड" वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही.

मला चेफ यांचं जे पटलं ते वेगळं. त्यांच्याकडे येणारी बरीच मुलं कुठून यायची? दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांतून. म्हणजे पहिली दोन वर्षं तिकडे, उरलेली लुईस्टनला. थोडक्यात, मुलगा हाताशी लागतो न लागतो तोच निघून जाणार. दर दोन वर्षांनी पाटी कोरी. आणि ही मुलं बहुतेक वेळा मोठ्यांनी न उचललेली. स्टीव्ह रीड हा लुईस्टनच्याच शाळेत शिकलेला मुलगा. व्यावसायिक संघ दरवर्षी शेकडो मुलांची निवड करतात, त्यात त्याचं नावच आलं नाही. नंतर तो पुढे मोठ्या लीगमध्ये आठशेच्या वर सामने खेळला. मार्विन बेनार्ड निकाराग्वात जन्मलेला. त्याची निवड झाली ती पन्नासाव्या फेरीत. कल्पना करा, शाळेत संघ पाडताना तुमचं नाव पन्नासाव्या वेळेला घेतलं तर! तो सॅन फ्रान्सिस्कोकडून नऊ हंगाम खेळला. आणि कीथ फोक. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन कॉलेजातून लुईस्टनला आला. २००४ मध्ये बोस्टनने शहाऐंशी वर्षांनी जागतिक विजेतेपद जिंकलं, तेव्हा शेवटचा चेंडू टाकणारा हाच. फलंदाजाने मारलेला चेंडू सरळ त्याच्याकडेच परत आला, त्याने तो उचलला, चार पावलं पळाला आणि हळूच खालून पहिल्या बेसकडे टाकला. आजही तो व्हिडिओ बघा, किती जपून टाकलाय.

चेफ यांच्या हाताखालून गेलेली शंभराहून जास्त मुलं व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेली. गेली, हे महत्त्वाचं. लुईस्टनला कोणी राहिलं नाही, राहावं अशी अपेक्षाही नव्हती. राहायचं ते एकट्या कोचने. म्हणजे नवी पोरं येतील तेव्हा मैदानावर कोणीतरी असेल, आणि ते "कोणीतरी" दरवर्षी तेच असेल.

तुमच्यापैकी जे पुण्यात, बंगळूरला, कॅनडात आहात, त्यांना मी हे टोमणा म्हणून सांगत नाहीये. तुम्ही गेलात ते बरंच केलंत. पण तुम्ही गेलात म्हणजे तुम्हाला पाठवणारं कोणीतरी इथे थांबलेलं होतं. गणिताचे सर, तालमीतले वस्ताद, गाणं शिकवणाऱ्या बाई. त्यांना कधी कुणी विचारलं का, तुम्ही का नाही गेलात? बहुतेक वेळा आपण गृहीत धरतो की त्यांना जमलं नसेल.

चेफ यांच्यावरही एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो अगदी खोटा नाही. लहान तळ्यात मोठा मासा व्हायला कितीसं लागतं? शिवाय स्पर्धा घरच्या मैदानावर, आणि यजमान संघाला थेट प्रवेश. मी हे शेजारच्या आजोबांना विचारलं. जरा भीतभीतच. ते म्हणाले, "स्पर्धा आधी आमची नव्हतीच." १९८४ मध्ये ती लुईस्टनला आली. नव्वदच्या दशकात गेली. १९९२, १९९६, १९९९ ही विजेतेपदं त्यांनी परक्या गावी जाऊन जिंकली. २००० मध्ये स्पर्धा परत आली ती आजतागायत. का परत आली? माझ्या डोळ्यांसमोर उत्तर बसलेलं होतं. दोन परगावच्या कॉलेजांचा सामना, घरचा संघ मैदानात नाही, आणि तरी आजोबा, नातवंडं, गाद्या घेऊन बायका.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात जास्त लागली. तशी साधीच. चेफ आले १९७७ ला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८४ ला. मधले सात हंगाम गाव वाट बघत होतं, कॉलेज वाट बघत होतं. कुणी त्यांना बदललं नाही.

सात हंगाम. आमच्याकडे अकरा महिने.

रात्री पुलमनला परत आले आणि मैदानाचा फोटो भाच्याला पाठवला. खाली सगळी कहाणी, चौतीस वर्षं, सोळा विजेतेपदं, पन्नासावी फेरी. मला वाटलं, पोरगा भारावून जाईल. त्याचा सकाळी उलटा मेसेज, "भारी आहे. आत्या, त्यांना कॉलेज पगार देत होतं ना?"

मला आधी रागच आला. मग नातवाला भरवता भरवता विचार केला, चुकीचं काय बोलला तो? चेफ थांबले हे खरं. पण ते कायमच्या नोकरीवर थांबले, मैदान होतं, शिष्यवृत्त्या होत्या, बसचं भाडं कुणीतरी देत होतं. गाव तिकिटं काढत होतं. माणूस गावाशी एकनिष्ठ राहिला तसं गावही त्याच्याशी राहिलं. त्यांच्या निवृत्तीनंतर २०१५, २०१६, २०१७ असं सलग तीन वर्षं त्या कॉलेजने परत विजेतेपद मिळवलं, दुसऱ्या कोचच्या हाताखाली. म्हणजे ते सगळं एकट्या माणसाच्या छातीवर उभं नव्हतं. आणि आम्ही? सकाळी पावणेसहाला आमची पोरं फुकटात घडवून घेतो, आणि तो पुण्याला निघाला की म्हणतो, "काय गा, पोरांना सोडून चाललास?" हे मी स्वतःबद्दलही म्हणतेय. माझ्या शेजारच्या दोन मुलांना मीच त्याच्याकडे पाठवलं होतं, आणि एकदाही विचारलं नव्हतं की तुझे स्वतःचे बूट कितव्यांदा शिवलेस.

परत आले त्याच आठवड्यात सकाळी मैदानावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. तो शिट्टी घेऊन उभा होता, हातात वही. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन वर्षांच्या वेळा लिहिलेल्या. त्या अनवाणी पळणाऱ्या पोरीचं पान त्याने मला दाखवलं. आठशे मीटरला आधी तीन मिनिटं दहा सेकंद, आता दोन एकतीस. वहीची शेवटची चार पानं कोरी होती. म्हणाला, "नवीन घेतली नाही अजून."

मागच्या रविवारी पालकांना ओसरीवर बोलावलं. एकोणतीस मुलांपैकी अकरा घरची माणसं आली. उचगावचे एक काका म्हणाले, "सर पैसे मागतच नव्हते, म्हणून आम्ही दिले नाहीत." अगदी खरं आहे. मग हिशोब मांडला. मी बँकेतली, तेवढं जमतं. महिन्याला चारशे रुपये ज्यांना जमतात त्यांनी द्यायचे, ज्यांना जमत नाहीत त्यांनी नाही. शिवाय गावातले तीन दुकानदार आणि परगावी गेलेली त्याची जुनी पोरं. त्यातली एक पोरगी आता बंगळूरला आहे, तिने त्याच रात्री सहा महिन्यांचे पाठवले आणि वर लिहिलं, "आत्या, सरांना माझं नाव सांगू नका." नाही सांगितलं. तरी सगळं जमवून पुण्याच्या पगाराच्या निम्म्यावरसुद्धा जात नाही.

भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. म्हणतो, पोराच्या भविष्यात तू खोडा घालतेस. कदाचित घालत असेन. भाच्याला मी "राहा" म्हटलेलं नाही, "जा" हेही परत घेतलेलं नाही. त्याला वही दाखवली, हिशोबाची. म्हटलं, हे एवढं आहे, आणि हे एवढं नाही. तू ठरव.

अकादमीने त्याला पंधरा जुलैपर्यंत मुदत दिली आहे. वहिनींनी पुसलेली बॅग अजून खाटेखाली आहे. काल सकाळी मात्र तो पावणेसहाला नेहमीसारखा बाहेर पडला, आणि परत येताना पिशवीत दूध होतं, कोथिंबीर होती, आणि दोनशे पानी नवी वही.